वाटेवरच्या गावांचं काय होतं?

कुठलाही फँटसी गेम सुरू करा, पहिल्या अर्ध्या तासात एक गाव येतंच. लोहार ऐरणीवर ठोकत असतो, विहिरीवर दोन बाया असतात, खाणावळीचा मालक हसून आत बोलावतो. तुमच्याकडे एक तलवार, एक नकाशा आणि जग वाचवायची जबाबदारी असते. तुम्ही तिथं जेवता, झोपता, तलवारीला धार लावून घेता आणि पहाटे डोंगराकडे निघता. मग तुमच्या मागावर असलेले काळे घोडेस्वार त्याच गावात शिरतात. ते तिथं काय करतात हे तुम्हाला दिसत नाही, कारण तोवर तुम्ही पुढच्या लेव्हलला पोचलेले असता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेम बनवत नाही, पण मोठं जग छोट्या मेमरीत कसं बसवतात ते साधारण माहीत आहे. खेळाडू ठरावीक अंतर पुढे गेला की मागचं गाव मेमरीतून काढून टाकतात. लोहार, विहीर, खाणावळ, सगळं. तुम्ही परत फिरलात तर गाव पुन्हा लोड होतं आणि लोहार पुन्हा तेच वाक्य म्हणतो. हे करावंच लागतं, नाहीतर फोन तापतो. गोष्टी सांगणारेही हजारो वर्षं हेच करत आलेत, आणि त्यांच्याकडे फोन तापण्याची सबबसुद्धा नाही.

आम्ही पाच मित्रमैत्रिणी शनिवारी रात्री ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. (ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: फासे टाकत, बोलत बोलत सगळ्यांनी मिळून एक साहसकथा रचायची. एक जण सूत्रधार असतो, त्याला डीएम म्हणतात.) मध्यंतरी आमच्या टोळीनं एका पाणचक्कीवाल्याकडे रात्र काढली. पुढच्या शनिवारी आमच्या डीएमनं शांतपणे सांगितलं की राजाच्या शिपायांनी चक्की जाळली, चक्कीवाल्याचा पत्ता नाही. त्यानंतर तासभर कुणी फासे टाकले नाहीत, नुसता वाद. एकाचं म्हणणं, आपण ज्याला मारायला निघालोय तो जिंकला तर अख्खा मुलूखच जळणार आहे, त्यात चक्कीही आलीच. दुसरी म्हणाली, चक्कीवाला काही लहान मूल नव्हता, दार उघडलं तो त्याचा निर्णय. तिसरा म्हणाला, दार उघडताना आपल्या मागे कोण लागलंय हे त्याला कुठे माहीत होतं?

हा तिसरा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. मोहिमेवर निघालेला माणूस स्वतःचा जीव पणाला लावतो. तो जीव त्याचा आहे, त्याबद्दल आपण त्याचं कौतुक करतो, पोवाडे रचतो. पण वाटेत तो ज्यांच्या दारात उभा राहतो त्यांचा जीवही त्याच डावात लागतो. तो कुणी, कुणाला विचारून लावला? ध्येय थोर असलं की हा प्रश्न आपोआप सुटतो, असं बहुतेक गोष्टी गृहीत धरून चालतात.

टॉल्किन त्याला थोडा अपवाद आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (मराठीत मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा') १९५४-५५ मध्ये आलं आणि आजच्या जवळजवळ सगळ्या फँटसी मोहिमांचा साचा तिथून निघाला. त्यातल्या ब्री गावात बटरबर नावाचा खाणावळवाला आहे. फ्रोडो आणि मंडळी त्याच्याकडे उतरतात, रात्री घोडेस्वारांचा हल्ला होतो, आणि तबेल्यातली तट्टं उधळून जातात. आता टॉल्किन काय करतो पाहा: तो हिशेब मांडतो. बटरबर बारा चांदीच्या पेनी मोजून पाहुण्यांसाठी दुसरं तट्टू घेतो, वर हरवलेल्या तट्टांची भरपाई म्हणून अठरा देऊ करतो. तीस पेनी हा त्या माणसाला चांगलाच फटका होता, असं लेखक मुद्दाम सांगतो. पुढे ती पळालेली तट्टं सापडून बटरबरकडेच येतात आणि एकूण व्यवहार त्याला परवडतो, हेही सांगतो. जगाचा नाश होऊ घातलाय आणि लेखक खाणावळीची वही तपासतोय! मला हे पान पुस्तकातल्या कितीतरी लढायांपेक्षा जास्त आवडतं.

पण खरा हिशेब शेवटच्या खंडात आहे. अंगठी नष्ट करून मंडळी परत ब्रीमध्ये येतात तेव्हा खाणावळ ओस पडलेली असते, दाराला कडी असते. मधल्या काळात गावात मारामारी होऊन पाच जण मेलेले असतात. बटरबर त्यांची नावं घेतो. कारणही कळतं: गावाभोवती गुपचूप पहारा देणारे रेंजर दक्षिणेच्या मोठ्या युद्धावर निघून गेले होते. गावकऱ्यांना आपल्याला पहारा होता हेच माहीत नव्हतं, त्यामुळे तो कधी उठला हेही कळलं नाही. टॉल्किननं १९१६ मध्ये सोमच्या लढाईत खंदक पाहिले होते आणि त्याच वर्षी दोन जवळचे मित्र गमावले होते. मोठ्या युद्धाची किंमत लढाईपासून लांबच्या गावात कशी वसूल होते, हे त्याला कुणी सांगायची गरज नसावी.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे, आणि महाभारतानं तो इतक्या थंडपणे मांडलाय की वाचताना चटकन निसटतो. आदिपर्वातलं लाक्षागृह आठवा. पांडवांना जाळायला दुर्योधनानं लाखेचं घर बांधवलं, विदुरानं सावध केलं, आतून भुयार खणलं गेलं, आणि एका रात्री भीमानं स्वतःच घराला आग लावून आई-भावांना बाहेर काढलं. शाळेत इथपर्यंत शिकवतात. त्या रात्री कुंतीनं अन्नदान केलं होतं. तिथं एक निषाद बाई आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली. खाऊन-पिऊन सहाही जण तिथंच झोपले. सकाळी लोकांना एक बाई आणि पाच पुरुषांची जळालेली शरीरं सापडली, कुंती आणि पांडव गेले असं सगळ्यांनी धरलं, हस्तिनापुरात त्यांच्या नावानं तर्पणही झालं. पांडवांना पळायला वेळ मिळाला तो या सहा मृतदेहांमुळे. ग्रंथ म्हणतो ती योगायोगानं आली, काळानंच तिला तिथं आणलं. पांडवांना ती आत झोपल्याचं माहीत होतं का, यावर ग्रंथ गप्प आहे. तिला नाव नाही. पुढच्या एवढ्या मोठ्या कथेत, कुठल्याही शोकात, कुठल्याही तर्पणात ती परत येत नाही. महाश्वेता देवींनी 'कुंती ओ निषादी' ही बंगाली कथा लिहून तिला कुंतीसमोर आणून उभं केलं, तोवर बराच काळ लोटला होता.

गंमत अशी की याच पर्वात, थोड्याच अंतरावर, उलटं उदाहरण आहे. तेच पांडव, तीच कुंती, लपतछपत एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहतात. त्या नगरीला बकासुराचा जाच आहे, रोज एका घरानं गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. यजमानाची पाळी येते, घरात रडारड सुरू होते. कुंती ती ऐकते आणि म्हणते, तुमच्यातलं कुणी जायचं नाही, माझा एक मुलगा जाईल. युधिष्ठिर चिडतो, भीम गेला तर आपल्या राज्याचं काय, असा त्याचा रोख. म्हणजे मोहिमेचा नेता मोहिमेच्या बाजूनं बोलतोय. कुंती ऐकत नाही. ज्यांच्या छपराखाली सुखानं राहिलो त्यांचं ऋण आहे, हे तिचं म्हणणं.

एकच बाई, दोन रात्री. फरक कशात? एक सरळ उत्तर म्हणजे जात. यजमान ब्राह्मण, ती निषाद. हे उत्तर चुकीचं आहे असं मला वाटत नाही. पण आणखीही एक आहे. एकचक्रेत कुंती भिंतीपलीकडे राहत होती. रडणं कानावर यायला माणूस तेवढ्या जवळ असावा लागतो, आणि तेवढा काळ थांबावा लागतो.

इतिहासातल्या मोहिमांमध्ये हिशेब जरा वेगळा लागतो. १७ ऑगस्ट १६६६ ला शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, ते आपल्याला पेटाऱ्यांसकट पाठ असतं. मागे राहिलेले रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर पकडले गेले, त्यांचे हाल झाले, सुटका व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. पण ते मोहिमेचीच माणसं होती. काय होऊ शकतं हे जाणून आग्र्याला गेली होती. मला छळतो तो प्रश्न त्यांचा नाही. मोहिमेत नसलेल्यांचा आहे.

तो प्रश्न मला घराजवळ भेटला. कळंबमध्ये उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की माथेरानचा सपाट माथा दिसतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत: कोथळीगड, पदरगड, भीमाशंकरचं रान, आणि उत्तरेकडे सरकत गेलं की सिद्धगड. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ ला माथेरानला जन्मले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. वय तीस, माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे. आमचं गाव या दोन डोंगरांच्या मध्ये आहे.

नाभिक घरातला हा मुलगा शिकून वकील झाला. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला. दस्त्याचं लक्ष्य होतं विजेचे मनोरे. घाटावरचं पाणी खोपोली आणि भिवपुरीच्या वीजघरांत कोसळायचं आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना आणि रेल्वेला जायची. युद्धाचं उत्पादन त्यावर चालू होतं. ती तोडायची म्हणून दस्त्यानं एकामागून एक मनोरे पाडले. इंजिनिअर म्हणून पाहिलं तर निवड अचूक आहे: अख्ख्या यंत्रणेतला सगळ्यात लांब पसरलेला आणि राखायला सगळ्यात अवघड भाग त्यांनी हेरला. सरकारनं बक्षीस लावलं. शेवटी खबर पोचली आणि २ जानेवारीच्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडला गाठलं. तिथं कोतवालांबरोबर हिराजी गोमाजी पाटीलही पडले. ते कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. आजही त्या तारखेला पहाटेच्या थंडीत लोक सिद्धगडला जमतात.

आता माझा वहीतला हिशेब. रानात लपलेली दहाच माणसं धरा. दोन वेळा, प्रत्येकी दोन तांदळाच्या भाकऱ्या. रोजच्या चाळीस, महिन्याच्या बाराशे. या बाराशे भाकऱ्या कुणीतरी थापल्या. त्यासाठी पीठ जास्त दळलं, पाणी जास्त शेंदलं, चूल अवेळी पेटवली, आणि धूर शेजाऱ्याला दिसू नये म्हणून जीव मुठीत धरला. मग कुणीतरी त्या फडक्यात बांधून, लाकडं आणायला निघाल्यासारखं दाखवत, रानात पोचवल्या. त्याच वर्षी सरकारनं वटहुकूम काढून गावंच्या गावं सामूहिक दंडाला धरायची सोय करून ठेवली होती. म्हणजे एका घराच्या चुलीचा हिशेब शेजारच्या घराकडूनही वसूल होऊ शकत होता. मनोरे पाडणाऱ्यांची नावं स्मारकावर आहेत. भाकऱ्या थापणाऱ्यांची यादी कधी झालीच नाही.

इथपर्यंत लिहून 'बिचारे गावकरी' म्हणत थांबणं सोपं होतं. पण ते खरं वाटत नाही, आणि त्याचं एक कारण कोतवालांच्या बेचाळीसच्या आधीच्या आयुष्यात आहे. भूमिगत होण्यापूर्वी ते याच भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या चालवत होते. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, सावकार दीडपट-दुप्पट लावून धान्य देतो आणि सुगीला खळ्यावरूनच उचलून नेतो. त्या फासातून सुटायला गावानं आपलीच कोठी भरून ठेवायची, ही कल्पना. वस्त्यांवर शाळाही काढल्या. म्हणजे रानात जाऊन भाकरी मागायच्या आधी या माणसानं लोकांच्या घरात दाणा राहील असं पाहिलं होतं. तो वाटसरू नव्हता. त्याला लोक ओळखत होते, त्याच्या मागे कोण लागलंय हेही जाणून होते, आणि तरी देत होते. त्यांना नुसते बळी म्हटलं तर त्यांनी केलेलं काम त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. आमच्या खेळातल्या त्या मैत्रिणीचा मुद्दा इथं लागू पडतो: दार उघडलं तो त्यांचा निर्णय.

पण निर्णय म्हणजे काय, यावर माझं आणि आजीचं एकदा बोलणं झालं. बेचाळीस साली ती जन्मलेलीही नव्हती, त्यामुळे आठवण विचारायचा प्रश्न नव्हता. मी सरळच विचारलं, "आजी, रात्री कुणी अनोळखी माणूस दारात आला आणि भाकरी मागितली, तर?"

"घालायची."

"त्याच्यामागं पोलीस असले तर?"

"ते मग बघायचं. भुकेल्याला कुणी इचारतं का, तुझ्यामागं कोण हाय?"

"पण मग तुला धोका आहे हे तुला कळणार कसं? त्यानं सांगायला नको?"

ती तांदूळ निवडत होती. थोडा वेळ गेला. "त्यानं सांगावं," ती म्हणाली. "मी इचारू नये."

मी या वाक्यावर बराच विचार केलाय. संमती म्हणजे एक व्यवहार असं आपण धरतो: समोरच्याला माहिती दिली, त्यानं हो म्हटलं, झालं. आमच्या धंद्यात तर त्याचं एक बटण करून ठेवलंय. चाळीस पानांच्या अटींखाली 'आय ॲग्री'. वाचायची जबाबदारी दाबणाऱ्याची, पुढे काही झालं तर आम्ही मोकळे. आजीच्या हिशेबात ही जबाबदारी बरोबर उलट्या बाजूला आहे. दार उघडणाऱ्याचा धर्म न विचारण्याचा, दारात उभ्या असलेल्याचा सांगण्याचा. यजमान विचारत नाही हा त्याचा मोठेपणा, पण पाहुण्यानं त्या मोठेपणाचा फायदा घेऊन गप्प राहायचं नाही. चक्कीवाल्यानं विचारलं नव्हतं म्हणून आमची टोळी सुटत नाही. निषाद बाईनंही काही विचारलं नव्हतं, अन्नदान आहे म्हणून ती आत आली.

यात एक अडचण उरतेच. भुकेला, घायाळ, पाठलाग होत असलेला माणूस खरं सांगेल तेव्हासुद्धा समोरच्याला 'नाही' म्हणता येईल का? ज्या घरात दारात आलेल्याला पाणी न देणं हे पाप आहे, तिथं पूर्ण माहिती देऊन मागितलेली भाकरी हीसुद्धा एक प्रकारची सक्तीच आहे. आजीला मी हे विचारलं नाही. मला वाटतं, म्हणूनच कोतवालांच्या धान्यपेढीला एवढं वजन आहे. मागण्याची वेळ आल्यावर समोरच्याला खरी मोकळीक देणं जवळजवळ अशक्य असतं. जे काही देता येतं ते आधी.

आता शनिवार-रविवारकडे येतो. पहिला पाऊस पडला की नेरळ-कर्जतच्या लोकल भरभरून पोरं-पोरी येतात, पाठीवर सॅक, पायात नवे बूट. त्यांच्याबरोबर जायला मलाही आवडतं. मोहिमेची जी भूक आपण गेममध्ये आणि कादंबऱ्यांत भागवतो तीच इथं खऱ्या चिखलात भागते. या जगात एक शब्द आहे, बेस व्हिलेज. जिथून चढाई सुरू होते ते गाव. तिथं गाडी लावायची, पोहे खायचे, वाट विचारायची, परतीच्या जेवणाची ऑर्डर देऊन ठेवायची. दरीत कुणी अडकलं तर बचाव पथक पोचेपर्यंत दोर आणि टॉर्च घेऊन उतरणारी पोरंही बहुतेकदा याच गावातली असतात. शब्द सोयीचा आहे, मीही वापरतो. फक्त एवढंच की तिथं राहणाऱ्यांसाठी ते कशाचाच पायथा नसतं.

खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी हे असं एक बेस व्हिलेज होतं. चौकजवळचा इरशाळगड म्हणजे एक सुळका, त्याला आरपार भोक, फोटोला फार छान. सुळक्याच्या पोटाशी ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नाही, खालून तासभराची चढण. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर सुटून वाडीवर आला. सत्तावीस मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. जेसीबी वर चढेना, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना, म्हणून कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसला गेला. या परिसरातली गिर्यारोहकांची पथकं त्या कामात होती. अंधारात, पावसात वाट ठाऊक असलेली माणसं लागत होती, आणि सुळक्याच्या नादानं वर्षानुवर्षं त्या वाटेनं गेलेल्यांना ती ठाऊक होती. म्हणजे मोहिमेवर येणाऱ्यांकडून गावाला काहीच मिळत नाही, असंही म्हणता येत नाही.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट फार बोचली. बातम्यांबरोबर लोकांनी इरशाळगडाचे आपापले जुने फोटो टाकले. सुळका, ढग, भोकातून आरपार दिसणारं आभाळ, सुळक्याखाली उड्या मारणारे मित्र. वाडी त्यातल्या फारच थोड्या फोटोंत होती, तीही कोपऱ्यात, कुडाच्या भिंतीचा किंवा पत्र्याचा एखादा तुकडा. त्याच वेळी खाली शासनाची माणसं कुठल्या घरात त्या रात्री कोण होतं याच्या याद्या करत होती. आश्रमशाळेत असल्यामुळे कोण वाचलं, कोण पाहुणा म्हणून आला होता, कोण रात्री बाहेर गेला होता. हे सांगू शकणारी माणसं फार थोडी उरली होती.

वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, नंतर सिडकोनं पक्की घरं बांधली. वाडीच्या जागी आता गवत आहे. इरशाळगडाच्या जुन्या ट्रेक-पोस्टी मात्र नेटवर तशाच आहेत: चढाई सोपी ते मध्यम, पाणी सोबत घ्या, वरच्या टप्प्याला दोर लागतो, वाडीत आधी सांगितलं तर जेवणाची सोय होते.